झाड आपलं नाही

झाड कोणाचं, या एका प्रश्नावर अकरा वर्षं कोर्टात भांडलेल्या दोघा भावांचं त्या सकाळी पहिल्यांदाच एकमत झालं. झाड आपलं नाही, असं दोघंही म्हणाले.

एकमेकांना नाही म्हणाले, कारण तेवढ्याच वर्षांत ते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. दादा उजव्या दारात उभा राहून कारकुनाला म्हणाला, आणि धाकटा डाव्या दारात उभा राहून कारकुनालाच म्हणाला. वृक्ष खात्याचा हा कारकून अंगणाच्या मधोमध उभा होता. त्याच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं नियमांचं पुस्तक त्याच्या काखेत होतं. त्यानं दोघांचंही म्हणणं शांतपणे लिहून घेतलं.

मधली बुंध्याशी उकिडवी बसली होती. ती या दोघांमधली बहीण, आणि त्याच खात्यात तपासनीस. गेले दोन महिने लोकांच्या अंगणात जायचं, त्यांची झाडं ठोकून बघायची आणि ती पाडण्याची नोटीस त्यांच्या हातात ठेवायची, हेच तिचं काम होऊन बसलं होतं. एका आजोबांनी तिच्या बुटांवर पाण्याची नळी धरली होती. एका बाईनं तिला चहा पाजला, आणि कप रिकामा झाल्यावर सांगितलं की तुमचं कधी भलं होणार नाही. हे सगळं तिनं निभावून नेलं होतं. पण आजच्या यादीत माहेरचा पत्ता निघाला तेव्हा ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेब म्हणाले, दुसरं आहे कोण?

बुंध्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती, शंभराच्या वर. काही भोकांतून भुशाची दात कोरायच्या काडीसारखी बारीक काडी बाहेर आली होती. मधलीनं साल थोडी खरवडली. आतलं लाकूड पांढरं असायला हवं होतं, तिथे काळपट रेघा धावत होत्या. वर बघायची गरजच नव्हती. अर्ध्या फांद्यांची पानं वाळून तांबूस झाली होती आणि गळायचं विसरून तशीच लटकत होती.

"कुठाय तो किडा?" दादा भिंग घेऊन आला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि भिंगाखाली धरल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे, सख्ख्या बहिणीवरही.

मधलीनं चिमट्यानं एक काळा ठिपका त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा तर तीळ आहे."

"तीळ चालत नाहीत, दादा."

दादानं पुन्हा वाकून पाहिलं. तीळ त्याच्या अंगठ्याकडे निघाला होता. त्यानं हात झटकला.

"एवढासा किडा एवढं झाड खातो?"

"तो लाकूड खातच नाही. बोगदा पाडतो, तोंडातून आणलेली बुरशी आत पेरतो आणि ती वाढली की ती खातो. शेतीच करतो म्हण ना. झाडाला आत बुरशी आल्याचं कळलं की ते तिला अडवायला आपल्याच शिरा बंद करून घेतं. मग मुळांचं पाणी वर चढत नाही. पंधरा दिवसांत झाड तहानेनं मरतं."

"म्हणजे झाडाचीच चूक," डाव्या दारातून धाकटा म्हणाला. तो लोकांना गाडी शिकवायचा. शिकणारा काहीही करो, चूक कोणाची हे आधी ठरवायची त्याला सवय लागली होती.

"त्याला सांगा," दादा कारकुनाला म्हणाला, "चूक ठरवायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही."

"तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही असं म्हणतायत," कारकुनानं धाकट्याला सांगितलं.

फाटकाबाहेर झाड कापणाऱ्यांची गाडी उभी होती. करवतवाले पाच जण पायरीवर डबे उघडून बसले होते. पाच वाजले की ते निघून जाणार होते, आणि त्यांची पुढची पाळी महिन्यानंतरची होती. तोवर किडे उडून रस्ता ओलांडणार. या रस्त्याला दुतर्फा मिळून त्रेचाळीस झाडं होती, ती सगळी याच जातीची, आणि काल संध्याकाळपर्यंत ती सगळी धडधाकट होती. मधलीनं स्वतः मोजली होती. त्यामुळे झाड आज पडायला हवं होतं, आणि मालकाची सही झाल्याशिवाय त्याला करवत लागणार नव्हती.

आणि सही करायला कोणी तयार नव्हतं. त्याचं कारण होतं एक पाटी. मालकाच्या दारावर वर्षभर लावायची, लाल रंगाची, दोन हात लांब. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: येथील मालमत्ता रोगग्रस्त आहे.

"माझ्याकडे लोक डोळे दाखवायला येतात," दादा म्हणाला. "दारावर रोगग्रस्त वाचल्यावर कोण येईल आत?"

"ती पाटी वाचता आली तर त्यांचे डोळे चांगलेच आहेत," धाकटा आभाळाकडे बघून म्हणाला.

*

झाड आपलं नाही हे सिद्ध करायला दोघांनीही आपापल्या फायली आणल्या. दादाची फाईल वहिनीनं कपाटातून काढून दिली. धाकट्याची त्याच्या शिकवणीच्या गाडीतच असायची, पुढच्या खणात. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधून भिंत घातली गेली होती. ती भिंत हॉल चिरून, ओटा चिरून थेट अंगणात आली आणि झाडापाशी येऊन थांबली. भिंत थांबली तिथून खटला सुरू झाला. आता गंमत अशी झाली की प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं खरं ठरवायचं होतं. म्हणून दादा धाकट्याचा अर्ज वाचू लागला, तोही गळा भरून आल्यासारखा.

"'सदर वृक्षाशी वादीचे बालपणापासून अतूट नाते असून, वादीचा उजवा हात याच वृक्षावरून पडून मोडलेला आहे.' ऐकलंत? अतूट नातं. हात मोडला तो याचा. माझा हात मोडलाय का? नाही."

धाकट्यानं आपल्या फायलीत अंगठा घालूनच ठेवला होता. "आता हे ऐका. 'प्रतिवादी हे सदर वृक्षास गेली वीस वर्षे दररोज दोन बादल्या पाणी घालत आले आहेत.' दोन बादल्या, रोज. ज्यानं पाणी घातलं त्याचं झाड. मी एक तांब्यासुद्धा घातलेला नाही. शपथेवर सांगतो."

"मी तरी कुठे घातलं?" दादा म्हणाला. "ते वकिलानं लिहिलं होतं."

"म्हणजे कोर्टात खोटं?"

"त्याला सांगा, हो. खोटं."

कारकुनानं हेही लिहून घेतलं.

"अहो, पण पाणी मी घालत होते की," वहिनी म्हणाली. तिला वाटलं आपण नवऱ्याची बाजू सावरतोय.

"मग झाड वहिनींचं," धाकटी लगेच म्हणाली. ही धाकट्याची बायको. एरवी तिला वाक्य सुचायला वेळ लागे.

वहिनीच्या लक्षात आलं की आपण पायावर धोंडा पाडून घेतला. "मी कपडे धुतलेलं पाणी ओतत होते. त्याला काय पाणी घालणं म्हणतात?"

मधली बुंध्याला पाठ लावून हे ऐकत होती. तिला हसू येत होतं. अकरा वर्षांपूर्वी याच दोघांनी या बुंध्याला एकेका बाजूनं मिठी मारून फोटो काढले होते, पुराव्यासाठी. दोन्ही फोटोंत दुसऱ्याचे हात दिसत होते.

तेवढ्यात वरच्या खिडकीचं दार वाजलं. आई तिथे खुर्ची टाकून सकाळपासून बसली होती. आईला कमी ऐकू यायचं, पण ऐकायचं असलं की यायचं.

"तुमच्या कागदांत झाड कोणी लावलं म्हणून लिहिलंय?"

दोघांनी पानं उलटली. ते वाक्य दोन्ही फायलींत शब्दशः एकच होतं, त्यामुळे ते एकाच वेळी वाचलं गेलं. "'परमपूज्य वडिलांनी भावी पिढ्यांस सावली मिळावी या उदात्त हेतूने...'"

"कसली सावली," आई म्हणाली. "समोरच्या माडीवर तो गाण्याचा मास्तर राहायला आला होता. मी केस वाळवायला या खिडकीत बसले की तो तिकडे तान घ्यायचा. तुमच्या अण्णांनी तिसऱ्या दिवशी रोप आणून लावलं. लवकर वाढणारं द्या, असं सांगून आणलं होतं."

करवतवाल्यांपैकी एक जण डब्यातला घास हातात धरून वर बघत राहिला.

"मग मास्तरांचं काय झालं?" कारकुनानं विचारलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळत नव्हतं.

"झाड खिडकीएवढं व्हायच्या आत त्यांची बदली झाली."

"आई, हे तू कोर्टात का नाही सांगितलंस?" मधलीनं विचारलं.

"मला कोणी विचारलं?"

*

दुपारचे दोन वाजले. कारकुनानं घसा साफ केला आणि विचारलं, "या दोघांखेरीज आणखी कोणी वारस?"

दादानं बोट दाखवलं. धाकट्यानंही दाखवलं. दोघांचीही बोटं मधलीकडे होती. आपण दोघं एकच गोष्ट करतोय हे लक्षात येताच दोघांनी हात खाली घेतले, पण तोवर कारकुनानं पाहिलं होतं.

"मी हक्क सोडलेत," मधली म्हणाली. "अकरा वर्षं झाली."

तिला ती दुपार लख्ख आठवत होती. वकिलाच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, एक वकिलाची आणि दोन भावांच्या. तिनं उभ्यानंच सही केली होती. बस चुकेल म्हणून घाईही होती आणि माझं काय आहे इथे, असं उगाच मोठेपणानं म्हणूनही झालं होतं. त्यावर कोणी तिला नाही म्हणालं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं होतं, एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं कोणीतरी.

हक्कसोडीचा कागद दोन्ही फायलींत होता. कारकुनानं तो मागून घेतला आणि बोट ठेवून वाचत गेला. राहतं घर, मागची खोली, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, जिन्याखालची अडगळ, कंपाउंडची भिंत.

"यात झाड नाही," तो म्हणाला.

"झाडाचा वाद चालू होता ना, म्हणून वकिलानं वगळलं," दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे झाडावरचा हक्क हिनं सोडलेलाच नाही."

"नाहीच," धाकटा म्हणाला.

"मी माझा सोडतो."

"मीही सोडतो."

"माझाही काही असला तर तिलाच," खिडकीतून आई म्हणाली.

पुढच्या वीस मिनिटांत त्या घरात जे काम झालं ते एवढ्या वर्षांत कोर्टाला जमलं नव्हतं. वहिनीनं कोरे कागद आणले, धाकटीनं पेनं आणली. दादानं स्वच्छ अक्षरात लिहिलं की सदर वृक्ष माझ्या बहिणीचा असून माझा वा माझ्या वारसांचा त्यावर कुठलाही हक्क नाही, आज नाही आणि पुढेही नाही. धाकट्यानं त्याच्या खांद्यावरून बघत शब्दन् शब्द उतरवून काढला. आईची सही घ्यायला कारकून स्वतः वर गेला.

मधलीला कोणी विचारलं नाही. तिच्या हे लक्षात आलं, पण घड्याळात तीन वाजत आले होते आणि रस्त्यावर त्रेचाळीस झाडं उभी होती.

"आता नोटीस बजावा," कारकून खाली येऊन म्हणाला.

"कोणाला?"

"मालकाला. हाती द्यायची असते. टपालानं चालत नाही."

"अहो, पण मालक मीच आहे."

"नियमात नात्यागोत्याचा विचार करू नये असं म्हटलंय. स्वतःशी नातं म्हणजे तर सगळ्यात जवळचं. करूच नये विचार."

मधलीनं नोटीस उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातात दिली. कारकुनानं मान हलवली. "काय बजावताय ते तोंडानं सांगावं लागतं."

"आपलं झाड रोगग्रस्त असून ते आजच्या आज पाडणं भाग आहे," मधली म्हणाली. दोन महिन्यांत तिनं हे वाक्य शेकडो वेळा म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकणाऱ्यांना नेमकं कसं वाटत असेल हे तिला कळलं. अण्णांच्या घरातली एकुलती एक वस्तू तिला मिळाली होती, आणि ती संध्याकाळपर्यंतच राहणार होती.

तिनं दोनदा सही केली, एकदा देणाऱ्याच्या रकान्यात आणि एकदा घेणाऱ्याच्या.

"आता मालकाचे हक्क वाचतो," कारकून म्हणाला.

"ते कशाला?" धाकटा म्हणाला. "झालं ना काम."

"वाचावे लागतात. कोणी मन लावून ऐकत नाही, पण वाचावे लागतात." त्यानं प्लॅस्टिकच्या कव्हरातून पुस्तक काढलं. "पोटकलम सहा. पाडलेल्या झाडाच्या जागी निराळ्या जातीचं झाड लावण्याचा हक्क मालकाला कायम राहील. त्यासाठी बुंध्याच्या मध्यापासून तीन मीटरपर्यंतचं वर्तुळ मालकाच्या ताब्यात राहील. त्यात इतर कोणी मालकाच्या परवानगीशिवाय बांधकाम करू नये, वाहन उभं करू नये, दोरी बांधू नये. आणि पाणी घालण्यासाठी मालकाला केव्हाही येण्याजाण्याची मोकळीक राहील."

दादानं तीन मीटर डोळ्यांनी मोजले. त्यात त्याची स्कूटर येत होती, दाराची एक पायरी येत होती आणि वहिनीच्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक येत होतं. धाकट्यानं मोजले. त्याला गाडी बाहेर काढायला जी वाट होती, तीच सगळी येत होती.

मग दादा धाकट्याकडे वळला. कारकुनाकडे नाही, धाकट्याकडे.

"तू सही कशाला केलीस?"

"तू केलीस म्हणून."

"मी लिहीत होतो तेव्हा तू नीट वाचायचंस ना."

"मी वाचलंच की. तुझ्या खांद्यावरून वाचलं. तूच लिहिलंस, आज नाही आणि पुढेही नाही. एवढं कोण लिहितं?"

वहिनी आणि धाकटी दोघी आपापल्या दारात थिजून उभ्या होत्या. नवऱ्यांना एकमेकांशी बोलताना धाकटीनं तर लग्न झाल्यापासून पाहिलंच नव्हतं. धाकट्याचा आवाज भावाशी बोलताना वेगळाच लागतो, थोडा पोरकट, हे तिला आत्ता समजलं.

"हे बघ," दादा बहिणीला म्हणाला, आणि आता तो दोघांच्या वतीनं बोलत होता. "झाड तर जाणारच आहे. एक ओळ लिहून टाक, जागा आम्हा दोघांची म्हणून. आम्ही आमचं बघून घेऊ."

"हो ताई. अर्धी अर्धी घेऊ," धाकटा म्हणाला. "भांडणार नाही."

कारकुनानं कोरा कागद पुढे केला. मधलीचा हात सवयीनं पेनाकडे गेला. टोपण काढूनही झालं. माझं काय आहे इथे, हे वाक्यही तयारच होतं, जिभेवर येऊन बसलं होतं.

"तसंही तुला काय करायचंय इथे?" दादा म्हणाला. वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मधलीनं टोपण लावलं.

"पाणी घालायचंय," ती म्हणाली.

"कशाला?"

"जे लावीन त्याला."

"अगं, तू राहतेस दोन बस बदलून. रोज येणार आहेस का पाणी घालायला?"

"रोज नाही. अधूनमधून. केव्हाही यायची मोकळीक आहे, असं लिहिलंय."

दादा धाकट्याकडे बघू लागला, धाकटा दादाकडे. बहिणीला समजवायचं कसं हे दोघांनाही माहीत नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. ती नेहमी आधीच हो म्हणालेली असे. वर खिडकीत आईनं खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"करवत लावू का?" फाटकातून करवतवाल्यानं विचारलं. सगळ्यांनी वळून मधलीकडे पाहिलं. मालक तीच होती.

"लावा," मधली म्हणाली.

झाड पडायला पाऊण तास लागला. आधी फांद्या उतरवल्या, मग वरून खाली एकेक तुकडा. बुंधा शेवटी राहिला तेव्हा मधलीनं त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण लोक खोळंबले होते. सगळं लाकूड फाटकाबाहेरच्या यंत्रात घालून त्याचा बारीक भुसा केला आणि किडे आतच मरावेत म्हणून तो ताडपत्रीखाली बांधून नेला. रोगग्रस्तची पाटी उजव्या दारावरही लागली नाही आणि डाव्याही नाही. कारकुनानं ती मालकाच्या जागेत, जमिनीत खुंटी ठोकून उभी केली. मग तीन मीटरचं वर्तुळ आखायला टेप हवी होती. टेपचं एक टोक दादानं धरलं आणि दुसरं धाकट्यानं, कारण मधलीनं वाकून चुना ओढायला घेतला होता. "नीट धर," दादा म्हणाला. "नीटच धरलंय, तूच हलतोयस," धाकटा म्हणाला.

*

त्या घरातून मधलीला वर्षानुवर्षं फोन येत नसत. आई आजारी पडली तेव्हा एक आला होता, आणि एक चुकून लागला होता. त्या आठवड्यात नऊ आले.

पहिला वहिनीचा. दोरीचं टोक वर्तुळात गेलं तर चालेल का, फक्त चादरी असल्या तर. मधली म्हणाली, चालेल. दुसरा धाकट्याचा, सकाळी सात ते आठ गाडी काढायची परवानगी हवी होती. तिनं तीही दिली. तिसरा धाकटीचा. तिला काहीच नको होतं. ती म्हणाली, हे दोघं काल तासभर भांडत होते हो ताई, समोरासमोर उभे राहून, आणि मग दोघंही जेवायला बसले तेव्हा चांगले भूक लागल्यासारखे जेवले. आईनं फोन करून सांगितलं की खिडकीतून आता समोरची माडी दिसते, तिथे एक दाताचा डॉक्टर राहतो आणि तो अजिबात गात नाही.

नववा फोन दादाचा होता. तो आधी बराच वेळ पाटीबद्दल बोलला. पाटी सरळ उभी नाही, वाऱ्यानं कलते, तिला दगड लावला तर तुझी हरकत आहे का. मधली म्हणाली, नाही. मग तो मुद्द्यावर आला. मागून त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"काय लावायचं ठरवलंस?"

"अजून नाही ठरवलं."

"ठरवू नकोस इतक्यात. आता अंगणात ऊन येतं, पण सगळीकडे सारखं येत नाही. मी दोन दिवस बघतोय. सकाळी त्याच्या बाजूला जास्त असतं, दुपारनंतर माझ्याकडे. ते बघितल्याशिवाय काही लावशील आणि मग जळेल." त्यानं घसा खाकरला. "रविवारी ये. जेवायलाच ये. सकाळी त्याच्याकडे थांब, दुपारी माझ्याकडे. मी त्याला सांगतो तसं."

"तू सांगशील?"

"मग काय, त्यासाठी कारकून बोलावू?" दादा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.